ऊन साठवणारी भिंत

उन्हाळ्यात स्लॅबच्या घरात राहणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. सूर्य डोक्यावर असतो दुपारी बारा-एकला, पण छताखालची खोली सर्वांत जास्त तापते ती संध्याकाळी सात-आठनंतर. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात गार वाटू लागलेले असते, आणि आत मात्र छत आग ओकत असते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत माणसे अंथरूण घेऊन गच्चीवर जातात ती ह्यामुळेच. दुपारी पडलेल्या उन्हाच्या उष्णतेला स्लॅब आणि त्यावरचा कोबा पार करून खाली यायला पाच-सहा तास लागतात.

आपल्याला ह्या विलंबाचा जाच होतो. परंतु दुपारी लखलखीत ऊन आणि रात्री घरातले पाणी गोठवणारी थंडी अशी जागा असेल, तर? तेथे हाच विलंब माणसाच्या उपयोगी पडेल. अशी जागा आपल्याच देशात आहे. ती म्हणजे लडाख.

लेह गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर, ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मोसमी ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात, त्यामुळे लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळते. आकाश वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र असते. जानेवारीत दिवस आणि रात्र मिळून सरासरी तापमान शून्याखाली सात-आठ अंश सेल्सिअस असते, आणि कडाक्याच्या रात्री ते उणे २० पर्यंत किंवा त्याखालीही उतरते. झाडे फार थोडी. ओढ्याकाठी लावलेले विलो आणि पॉपलर तेवढे दिसतात, आणि ते घराच्या छपराला लागतात, जाळायचे कसे? मग चुलीत आणि बुखारीत काय घालायचे? बुखारी म्हणजे धुराडे लावलेली पत्र्याची शेगडी. तिच्यात जाते गाई, याक, झो ह्यांचे वाळवलेले शेण. लाकूड, कोळसा किंवा रॉकेल घाटातून ट्रकने यावे लागते.

शेण जाळले की ते शेतात जात नाही. लडाखची जमीन वाळूची, पीक वर्षातून एकदाच येणारे, आणि खताला शेणाशिवाय घरचे फारसे काही नाही. शिवाय थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट बंद, आत धूर, आणि त्या धुरात सर्वांत जास्त वेळ बसणाऱ्या घरच्या बाया आणि लहान मुले. लाकडी कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपले तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच दगावतो. तेव्हा लडाखच्या खेड्याला ऊर्जा कशासाठी हवी, हा प्रश्न नीट विचारला पाहिजे. आपण ‘ऊर्जा’ म्हटले की लगेच ‘वीज’ म्हणतो. पण थंड प्रदेशातल्या घराच्या ऊर्जेच्या गरजेतला फार मोठा वाटा साध्या उष्णतेचा असतो, तीही मंद उष्णतेचा. खोली १५ अंशांवर ठेवायला ३००० अंशांचा दिव्याचा तंतू लागत नाही.

प्रथम विजेकडेच पाहू, म्हणजे हा मुद्दा आकड्यांनी पटेल.

लडाखच्या ओढ्यांवर पीठ दळण्याच्या पाणचक्क्या पूर्वीपासून आहेत. त्याच ओढ्यावर लहानसे जलविद्युत यंत्र बसवले असे समजा. ओढ्याचे दर सेकंदाला २० लिटर पाणी ३० मीटर खाली आणता आले, तर शक्ती = २० किलोग्रॅम × ९.८ × ३० मीटर = सुमारे ५९०० वॅट. नळातले घर्षण, चक्र आणि जनित्र ह्यांत ४० टक्के जातात असे धरले, तर हाती उरतात ३५०० वॅट. पन्नास घरांच्या गावाला प्रत्येक घरी ७० वॅट! एलईडी दिवे, रेडिओ, मोबाइलची बॅटरी ह्यांना ते चांगले पुरतात. परंतु एक खोली उबदार ठेवायला रात्रंदिवस सरासरी ५०० वॅट तरी लागतात (हा आकडा कोठून आला ते पुढे येईलच). म्हणजे साऱ्या गावाच्या यंत्रातून उबतील फक्त सात खोल्या. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. ओढ्याला पाणी येते ते वितळणाऱ्या बर्फाचे. हिवाळ्यात वितळणे थांबते, प्रवाह रोडावतो, उरलेला कालव्यात आणि जाळीवर गोठतो. गरज सर्वांत जास्त तेव्हाच यंत्र बंद!

आपल्याकडे परिचित असलेल्या गोबरगॅसचेही असेच. मिथेन तयार करणारे जीवाणू ३५ अंशांच्या आसपास खुशीत असतात. १० अंशांखाली त्यांचे काम जवळजवळ थांबते. पवनचक्कीबद्दल इतकेच सांगतो की ३५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, त्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्यातून शक्तीही दोन-तृतीयांशच मिळते.

सौरपट्टी, म्हणजे उन्हापासून थेट वीज देणारी सिलिकॉनची तबकडी, मात्र थंडीत उलट खुलते. तिचे तापमान दर अंशाने घटले की तिची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने वाढते. तेव्हा नागपूरच्या मे महिन्यात ६० अंशांपर्यंत तापलेली पट्टी आणि लेहच्या जानेवारीत १० अंशांवर असलेली पट्टी ह्यांत, ऊन सारखेच असले तरी, २० टक्क्यांचा फरक पडेल. ही गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. सौरपट्टीला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. फक्त बॅटरी सांभाळावी लागते. शिसे-आम्लाच्या बॅटरीतले आम्ल ती पूर्ण भारलेली असताना उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. पण बॅटरी पूर्ण उतरली की त्या द्रवात पाणीच जास्त उरते, आणि ते उणे १० च्या सुमारास गोठून बॅटरीचे कवच फोडू शकते. म्हणून बॅटरी घरात, उबेत ठेवायची आणि कधी पूर्ण उतरू द्यायची नाही. दिव्यासाठी सौरपट्टी उत्तमच. पण खोली तापवायला? उन्हाच्या पाचव्या हिश्श्याची वीज करायची, ती साठवायची, आणि मग शेगडीच्या तारेत तिची पुन्हा उष्णताच करायची, हा द्राविडी प्राणायाम झाला.

श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या २२० किलोव्होल्टच्या वीजवाहिनीचे उद्घाटन २०१९ सालच्या फेब्रुवारीत झाले. त्याने लेह-कारगिलला मोठा आधार मिळाला ह्यात शंका नाही. पण तारेने आलेल्या विजेवर घर तापवणे सर्वांच्या खिशाला परवडण्यासारखे नाही, आणि आडबाजूच्या दऱ्यांत बर्फात तार तुटली की दुरुस्ती लवकर होत नाही.

उभ्या भिंतीचे भाग्य

आता उन्हाकडे वळू. माध्यान्ही सूर्य क्षितिजाच्या किती वर असतो, म्हणजे त्याचा उन्नतांश किती, हे काढणे अगदी सोपे आहे. ९० अंशांतून गावाचा अक्षांश वजा करा, आणि त्यातून २२ डिसेंबरला साडेतेवीस अंश वजा करा, २१ जूनला तितकेच मिळवा. लेहसाठी डिसेंबरचे उत्तर येते साडेबत्तीस अंश, जूनचे साडेएकोणऐंशी. पुण्याला (अक्षांश साडेअठरा) डिसेंबरात ४८ अंश.

डिसेंबरात साडेबत्तीस अंशांवरून येणारे ऊन जमिनीवर फार तिरपे पडते. पण दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या भिंतीवर? तिच्यावर ते बरेचसे सरळ पडते. लडाखची हवा विरळ, कोरडी आणि स्वच्छ. तेव्हा किरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर माध्यान्ही सुमारे १००० वॅट पडतात असे धरायला हरकत नाही. जमिनीच्या वाट्याला त्यातले साडेबत्तीस अंशांच्या साइनइतके, म्हणजे ५४० वॅट येतील. उभ्या भिंतीच्या वाट्याला त्याच कोनाच्या कोसाइनइतके, ८४० वॅट! आणि जूनमध्ये? साडेएकोणऐंशी अंशांचा कोसाइन आहे ०.१८. भिंतीवर माध्यान्ही थेट ऊन फक्त १८० वॅटचे. म्हणजे कोणतेही यंत्र, कोणताही खटका न हलवता दक्षिणेची भिंत हिवाळ्यात ऊन घेते आणि उन्हाळ्यात नाकारते. सूर्याच्या मागे फिरणाऱ्या आरशांपुढे हा साधेपणा मला नेहमीच जास्त देखणा वाटतो.

खिडकीवर छज्जा घातला तर हा भेद आणखी पक्का होतो. दीड मीटर उंच खिडकीच्या अगदी माथ्याशी ३० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा काढा. त्याची सावली भिंतीवर किती खाली येईल? छज्जाची रुंदी गुणिले उन्नतांशाचा टॅन्जंट. जूनमध्ये ती दीड मीटरहून थोडी जास्त, म्हणजे सारी खिडकी सावलीत. डिसेंबरात फक्त १९ सेंटिमीटर. हाच हिशेब आपापल्या गावासाठी करून पाहा. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाचे जूनचे उत्तर ९० अंशांहून जास्त येईल. ते चुकले असे समजून खोडू नका, त्याचा अर्थ काय होतो ते शोधा.

काच, काळा रंग आणि माती

उन्हात नुसती भिंत उभी केली तर ती तापते खरी, पण वाऱ्याने लगेच निवते. म्हणून भिंतीला बाहेरून काळा रंग द्यायचा आणि तिच्यापुढे दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर सोडून काच बसवायची. ह्या रचनेला ट्रोम्ब भिंत म्हणतात. फेलिक्स ट्रोम्ब ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने जाक मिशेल ह्या वास्तुकाराबरोबर पिरेनीज पर्वतातील ओदेयो गावी १९६७ साली अशा भिंतीचे घर बांधले, त्यावरून हे नाव पडले. पण कल्पना त्याहून जुनी. एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने काचेमागे काळा पृष्ठभाग ठेवून खोली तापवण्याच्या युक्तीचे पेटंट १८८१ सालीच घेतले होते! हा गृहस्थ जपानात जाऊन शिंपल्यांवर संशोधन करणारा. कल्पना कोणाला सुचावी ह्याला शाखेचे बंधन नसते.

काच येथे काय करते? पाठ्यपुस्तकात उत्तर असे असते: उन्हातल्या किरणांची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, ते काचेतून आत जातात. ५० अंशांपर्यंत तापलेली भिंत जे अवरक्त किरण बाहेर टाकते त्यांची तरंगलांबी ९ मायक्रॉनच्या आसपास, त्यांना काच अडवते. हे खरे आहे, पण पुरते नाही. आर. डब्ल्यू. वुड ह्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ साली दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधव मिठाची पारदर्शक पट्टी बसवली. मीठ अवरक्त किरणांना अडवत नाही. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे काचेचे मोठे काम आहे ते तापलेली हवा निसटू न देण्याचे, अभिसरण थांबवण्याचे. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य सांगावा. म्हणूनच काच महाग पडते तेथे प्लॅस्टिकचा पारदर्शक कागदही चालतो. लेहजवळ फे गावी ‘सेकमोल’ ह्या १९८८ साली सुरू झालेल्या विद्यार्थी चळवळीचे मातीचे संकुल आहे. तेथे हिवाळ्यात इमारतीच्या दक्षिण बाजूला असा कागद लावतात आणि उन्हाळ्यात काढून ठेवतात. फक्त तो कागद अतिनील किरणांना टिकणारा हवा, कारण विरळ हवेतून ते किरण भरपूर येतात आणि साधे प्लॅस्टिक लवकर कुजते.

भिंत मातीची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची. लडाखी घरे पूर्वीपासून अशीच आहेत. एका बाजूने रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या भिंतीत उष्णतेची एक लाट आत सरकत जाते. मातीची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता घेऊन गणित केले तर २० सेंटिमीटर जाडी पार करायला ह्या लाटेला सुमारे साडेसात तास लागतात, ३० सेंटिमीटरला अकरा. ‘इंचाला तास’ हा ढोबळ नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. म्हणजे एक फूट जाडीच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दुपारी दोन वाजता आलेली लाट आतल्या अंगाला पोचेल मध्यरात्रीनंतर एक वाजता. अगदी हवी तेव्हा!

मग भिंत दुप्पट जाड केली तर दुप्पट फायदा? नाही. लाट जसजशी आत जाते तसतशी मंदावते. ३० सेंटिमीटर पार करेपर्यंत तिच्या चढउताराचा विसावा हिस्साच उरतो. आणखी जाड भिंतीत आतला पृष्ठभाग रात्रंदिवस एकाच कोमट तापमानावर राहील, आणि लाट बावीस तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी पोचेल. तिचा कोणाला उपयोग?

म्हणून खोली कशासाठी आहे हे आधी विचारावे लागते. निजायच्या खोलीला ट्रोम्ब भिंत योग्य. शाळेच्या वर्गाला ती चुकीची. वर्ग भरतो सकाळी, आणि तेव्हा ऊब हवी असते ताबडतोब. तेथे दक्षिणेला मोठी काचेची खिडकी ठेवून ऊन सरळ आत घ्यायचे. शे येथील ड्रुक व्हाइट लोटस शाळेत वसतिगृहांना ट्रोम्ब भिंती आहेत आणि वर्गांना मोठ्या काचा, ते ह्यामुळेच. वर्गाला आणखी एक शेगडी फुकट मिळते. स्वस्थ बसलेला माणूस ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. तीस मुलांचा वर्ग म्हणजे दोन किलोवॅटहून मोठा हीटर!

हिशेब

आता एका खोलीचा जमाखर्च मांडू. आकडे मी धरलेले आहेत, पण ते अवास्तव नाहीत.

खोली ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच. दक्षिणेची १० चौरस मीटरची भिंत सारी काचेमागे. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, काचेवरची धूळ हे सर्व जमेस धरून सहा तास सरासरी ६०० वॅट घेऊ. दर चौरस मीटरला दिवसाचे ३.६ किलोवॅट-तास, म्हणजेच ३.६ युनिट झाले. भिंतीवर ३६ युनिट. त्यातले दोन-तृतीयांश काचेतून परत जातात असे धरले तरी खोलीला मिळतात १२ युनिट. चोवीस तासांवर पसरले तर हे सतत ५०० वॅट होतात. पाणचक्कीच्या वेळचा आकडा तो हाच.

भिंतीला हे साठवता येतील का? तिचे वस्तुमान सुमारे ५१०० किलोग्रॅम. विशिष्ट उष्णता ०.९ किलोजूल धरली तर तिचे तापमान एक अंशाने वाढायला सव्वा युनिट लागते. १२ युनिटांना सुमारे १० अंश. म्हणजे अडचण काही नाही.

आता खर्च. राहिलेल्या भिंतींपैकी एक शेजारच्या खोलीला लागून आहे, दोन उघड्या. ४५ सेंटिमीटर मातीच्या त्या दोन भिंती मिळून आतबाहेरच्या तापमानातील दर अंश फरकाला सुमारे २२ वॅट घालवतात, छप्पर १६, फटींतून येणारी हवा ९, दार ३. बेरीज ५० वॅट. दिवसाला दर अंशामागे १.२ युनिट. मग १२ युनिटांत खोली बाहेरच्या सरासरीपेक्षा १० अंशांनी उबदार राहील. बाहेर उणे ८, आत अधिक २. पाणी गोठणार नाही एवढेच. आणि येथेच पुष्कळांचा उत्साह मावळतो, ‘आमच्याकडे करून पाहिले, काही फरक पडला नाही’ म्हणतात.

चूक उन्हाची नाही, गळतीची आहे. पेंढ्याची उष्णतावाहकता मातीच्या सुमारे एक-दशांश. दोन्ही उघड्या भिंतींच्या बाहेरून १० सेंटिमीटर पेंढा किंवा भुसा भरून त्यावर पातळ भिंत घातली, छपरातही तसाच थर दिला, दाराच्या फटी नमद्याने बुजवल्या, तर ५० वॅटचे २५ वॅट होतात. त्याच १२ युनिटांत आता २० अंशांचा फरक पडेल. आत अधिक १२! रात्री चार माणसे झोपली तर त्यांच्या अंगाची उष्णता बारा तासांत सव्वातीन युनिटांहून जास्त, तिने आणखी पाच अंश. खोली १७ अंशांवर. काच एका चौरस इंचानेही वाढवली नाही.

माझ्या मते ह्या साऱ्या विषयात सर्वांत दुर्लक्षित वस्तू पेंढा ही आहे. काच दिसते, तिचा फोटो निघतो. पेंढा भिंतीत दडून जातो. जुन्या लडाखी घरांवर हिवाळ्याच्या तोंडाला गुरांचा वाळला चारा छपरावर रचून ठेवण्याची पद्धत आहे. चारा सुकावा म्हणून तो तेथे असतो हे खरे, पण त्याच्या थराखालचे छप्पर कमी थंड होते हेही खरे.

हेच १२ युनिट बुखारीतून मिळवायचे तर? वाळल्या शेणाच्या एका किलोत सुमारे साडेतीन युनिट उष्णता असते. तिच्यातली दोन-तृतीयांश धुराड्यातून जाते असे धरले, तर रोज १० किलो शेण लागेल. थंडीच्या पाच महिन्यांत दीड टन. दीड टन वाळले शेण एका खोलीमागे शेताला परत मिळते.

ढग आले तर भिंत काय करणार, असे कोणी विचारील. योग्य प्रश्न आहे. एक दिवस ती तग धरते, दुसऱ्या दिवशी गार पडते. मग बुखारी पेटवावीच लागते, म्हणून ती काढून टाकायची नसते. श्रीनगर जवळजवळ लेहच्याच अक्षांशावर आहे, तेथे थंडीही लेहपेक्षा कमी. तरी ही भिंत तेथे लेहइतकी उपयोगी पडणार नाही, कारण काश्मीर खोऱ्यातला हिवाळा ढगांचा आणि धुक्याचा. नुसता अक्षांश पाहून भिंत बांधायची नाही, आकाश पाहायचे.

आणि माणसाने थोडे लक्षही द्यावे लागते. दिवसाही थोडी ऊब मिळावी म्हणून काही ट्रोम्ब भिंतींना तळाशी आणि माथ्याशी भोके ठेवतात. काचेमागची गरम हवा वरच्या भोकातून खोलीत येते, खोलीतली गार हवा खालून काचेकडे जाते. रात्री काच गार पडली की हाच प्रवाह उलटा वाहू लागतो, खोलीतली ऊब वरून ओढून काचेला देतो, आणि गार हवा खालून खोलीत सोडतो. म्हणून सूर्य मावळताच भोकांची झडप बंद करायची आणि काचेवर जाड पडदा किंवा गोधडी सोडायची. हे काम घरातली मुलेही करू शकतात. न केले तर दिवसाची कमाई रात्री जाते.

लडाखमध्ये अशा भिंती आणि हरितगृहे पसरवण्याचे काम १९८३ साली स्थापन झालेल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपने आणि पुढे इतर संस्थांनी केले. हरितगृहाला दक्षिणेकडून प्लॅस्टिकचा कागद आणि बाकी तिन्ही बाजूंनी पेंढा भरलेल्या जाड मातीच्या भिंती. तत्त्व तेच. बाहेर ओढा गोठलेला असताना आत पालक आणि कोथिंबीर निघते. जेथे घाट बंद झाल्यावर हिरवी भाजी मिळणे कठीण, तेथे हे थोडे नाही.

करून पाहा

लाटेचा विलंब आपल्याकडेही मोजता येतो. एक भाजलेली वीट घ्या आणि तिच्या एका मोठ्या पृष्ठभागाला काळा रंग किंवा काजळी लावा. बाकीच्या बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जाडीचा भुसा येईल अशा खोक्यात ती बसवा. काळी बाजू वर, उन्हाकडे. तिच्यावर काच ठेवा. विटेच्या खालच्या अंगाला तापमापकाचा फुगा टेकेल अशी जागा आधीच करून ठेवा, दुसरा तापमापक काळ्या बाजूला. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत दर अर्ध्या तासाने दोन्ही तापमाने लिहा आणि एकाच आलेखावर दोन वक्र काढा. दोन शिखरांमधले अंतर म्हणजे विलंब. मग वीट उभी, म्हणजे अरुंद बाजू वर करून तोच प्रयोग पुन्हा करा. आता उष्णतेला सात-साडेसात सेंटिमीटरऐवजी अकरा सेंटिमीटर जावे लागेल. विलंब त्याच प्रमाणात वाढतो का ते पाहा, आणि दुसऱ्या वक्राचे शिखर किती बुटके झाले तेही मोजा. भाजलेल्या विटेचा विलंब कच्च्या विटेपेक्षा थोडा वेगळा येईल. तापमापक प्रयोगशाळेतला १०० अंशांपर्यंतचा घ्या. घरातला ताप मोजण्याचा नको, तो ४२ अंशांच्या पुढे जात नाही.